मोडशी ते मीठ-साखर-पाणी

फराळाचे ताट पुढ्यात घेऊन वाचायच्या अंकात जुलाब आणि वांतीचा इतिहास कोणी लिहू नये, हे मला कळते. पण गेली तीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवतो आहे आणि दरवर्षी एक गोष्ट खटकते. लढाया, तह, सनावळ्या मुलांना तोंडपाठ असतात, परंतु त्या लढायांत तलवारीपेक्षा अधिक माणसे पोटाच्या रोगाने मेली, हे त्यांच्या पुस्तकात फारसे कुठे येत नाही. शिवाय ज्या उपायाने जगातली कोट्यवधी मुले वाचली त्याची कथा मोठी विलक्षण असून तिचे निम्मे धागे आपल्याच देशात, त्यातही सीमेवरच्या एका गावात गुंतलेले आहेत. सीमाभागातल्या वाचकाला ती सांगावी असे फार दिवस मनात होते.

आपल्याकडे या रोगाला नावे किती! पटकी, जरीमरी, महामारी, मोडशी, नुसतेच ‘ढाळ-वांती’. आमच्या गल्लीतल्या कानडी शेजारणी ‘वांतिभेदी’ म्हणत. एखाद्या गोष्टीला इतकी नावे पडतात तेव्हा तिने घरोघर फेरी मारलेली असते असे समजावे. यांतला ‘मोडशी’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. कोकणात आणि गोव्यात आजही अपचनाने पोट बिघडले की ‘मोडशी झाली’ म्हणतात. म्हणणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते, की हा शब्द सोळाव्या शतकात युरोपपर्यंत जाऊन आलेला आहे.

गास्पार कोरेया या पोर्तुगीज बखरकाराने १५४३ साली गोव्यात आलेल्या भयंकर साथीचे वर्णन केले आहे. पुढे गार्सिया द ओर्ता या वैद्याने गोव्यातच १५६३ साली छापलेल्या आपल्या संवादरूप औषधिग्रंथात या रोगावर एक प्रकरण लिहिले. स्थानिक लोक याला ‘मोर्शी’ म्हणतात, असे तो नोंदवतो. पोर्तुगिजांनी त्याचे ‘मोर्देशीं’ केले आणि फ्रेंचांनी त्याचे चक्क ‘मोर द शियाँ’, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’ करून टाकले! कुत्र्याचा आणि शब्दाचा काही संबंध नाही. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशाने हे नाव मराठी-कोकणीतल्या ‘मोडणे’ या क्रियापदापर्यंत मागे नेले आहे. माणूस मोडून पडतो तो रोग मोडशी. ओर्ताने पाहिलेली साथ आणि एकोणिसाव्या शतकातला कॉलरा नेमका एकच होता काय, यावर विद्वानांत मतभेद आहेत. ते असोत. लक्षणे वाचली तर अंगावर काटा येतो, एवढे खरे.

आता १८१७ साल पाहा. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली, हे आपल्याकडे शाळकरी मूलही सांगेल. त्याच दिवशी ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज स्वतः मोठी फौज घेऊन बुंदेलखंडात शिंद्यांवर दबाव आणून बसला होता. पण तहाची शाई वाळते न वाळते तोच त्या छावणीत कॉलरा शिरला. बंगालात जेसोरला त्याच वर्षी भडकलेली साथ गंगेच्या काठाने वर सरकत आली होती. थोड्याच दिवसांत शिपाई आणि बाजारबुणगे हजारोंनी मेले. छावणी उठवून बेतवेकाठी कोरड्या जागी न्यावी लागली. शिंद्यांनी तहावर सही करण्याऐवजी आणखी पंधरा दिवस काढले असते तर काय झाले असते, हा प्रश्न मी वर्गात मुद्दाम विचारतो. उत्तर कोणालाच देता येत नाही, मलाही नाही. पण वर्ग जागा होतो.

पुढच्याच वर्षी ही साथ दख्खनमार्गे मुंबईला पोहोचली आणि नंतर जगभर गेली. पंढरीच्या वाटेवर, जत्रांत, पालखीतळांवर ती पुनःपुन्हा येत राहिली. गावोगाव मरीआईची ठाणी उभी राहिली. आमच्या भागात कोणी तिला मरगाई म्हणतात, कोणी मरगूबाई. साथ आली की मरीआईचा गाडा सजवायचा, त्यात नैवेद्य, हिरवा चोळखण ठेवायचा आणि वाजतगाजत गावच्या शिवेपलीकडे लोटून द्यायचा. पलीकडच्या गावाने तो आणखी पुढे लोटायचा. ही अंधश्रद्धा होती असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. परंतु त्या लोकांनी रोग गावागावातून प्रवास करतो एवढे तरी बरोबर ओळखले होते. त्याच काळात लंडनचे नामांकित डॉक्टर तो दुर्गंधीयुक्त हवेतून होतो असे छातीठोकपणे सांगत होते.

आणि या डॉक्टरांचे उपचार कसे? रुग्णाच्या अंगातले पाणी वाहून जाऊन तो सुकत चाललेला असताना हे त्याची शीर तोडून आणखी रक्त काढत. वर पाऱ्याचे कॅलोमेल, अफूचा अर्क आणि ब्रँडी. पाणी मागितले तर पाणी नाही! पाण्याने जुलाब वाढतील, ही समजूत वैद्यांची, डॉक्टरांची आणि आजीबाईंची सारखीच होती. तहानेने टाचा घासत माणसे मेली.

या अंधारात एका पोरसवदा डॉक्टरच्या डोक्यात प्रकाश पडला. विल्यम ब्रुक ओ’शॉनेसी हा आयरिश तरुण अवघा बावीस वर्षांचा होता. १८३१ च्या अखेरीस इंग्लंडमधल्या संडरलँड बंदरात कॉलरा उतरला, तेव्हा तेथे जाऊन त्याने रुग्णांचे रक्त तपासले. रक्तातले पाणी आणि क्षार कमी झालेले आहेत आणि तेच मलात उतरलेले आहेत, असे त्याला आढळले. मग जे गेले ते परत भरावे, इतका साधा निष्कर्ष त्याने मांडला. स्कॉटलंडमधल्या लीथ येथील टॉमस लाटा या डॉक्टरने मे १८३२ मध्ये तो अमलात आणला. मरणाच्या दारातल्या एका वृद्धेच्या शिरेत त्याने क्षारयुक्त पाणी सोडले आणि निळी पडलेली ती बाई अर्ध्या तासात बोलू लागली. बिचारा लाटा तिला दुसऱ्याच्या हवाली करून थकून निघून गेला. जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा कोणी भरले नाही आणि काही तासांत ती गेली. १८३३ साली लाटाही वारला, साथ ओसरली, आणि ही युक्ती जवळजवळ साठ-सत्तर वर्षे अडगळीत पडून राहिली.

ओ’शॉनेसीचे पुढे काय झाले, असे मुले विचारतात. तो कंपनी सरकारच्या नोकरीत कलकत्त्यास आला आणि त्याने काय केले असेल? हिंदुस्थानात तारायंत्र आणले! कलकत्ता, आग्रा, मुंबई या तारा याच माणसाने ओढल्या. २०१३ साली बंद झालेल्या आपल्या तारखात्याचा हा मूळपुरुष. कॉलऱ्याच्या औषधाची खरी किल्ली हाती आलेला माणूस आपल्याकडे येऊन दुसऱ्याच कामाला लागला, याची मला हळहळ वाटते.

मधली पन्नास-साठ वर्षे भराभर सांगतो. जॉन स्नोने १८५४ साली लंडनमध्ये रोग पाण्यातून पसरतो हे दाखवले. त्याच वर्षी इटलीत पाचिनीला जंतू दिसला, पण कोणी लक्ष दिले नाही. रॉबर्ट कॉखने १८८४ साली कलकत्त्यात तो निर्विवाद ओळखला. हाफकिन १८९३ साली लस घेऊन आला. प्लेगच्या लशीमुळे त्याचे नाव परळच्या संस्थेला आहे, पण हिंदुस्थानात तो आला होता कॉलऱ्यासाठी. लेनर्ड रॉजर्सने विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात शिरेतून सलाईन देण्याची पद्धत पक्की केली आणि मृत्यूचे प्रमाण बरेच खाली आले. पण सलाईनला बाटली हवी, सुई हवी, निर्जंतुक पाणी हवे, शिकलेला माणूस हवा. ज्या खेड्यात पटकी येई तेथे यांतले काहीच नसे.

जंतू सापडला तरी तो माणसाला मारतो कसा, हे कळायला आणखी पाऊणशे वर्षे लागली. येथे शंभुनाथ डे यांचे नाव घेतलेच पाहिजे, कारण आपली पाठ्यपुस्तके ते घेत नाहीत. कलकत्त्याच्या या प्राध्यापकाने सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोऱ्याने बांधून त्यात प्रयोग केले. १९५९ साली त्यांनी दाखवले, की जंतू पूर्ण गाळून टाकलेले द्रव आतड्यात घातले तरी आतडे पाण्याने फुगते. म्हणजे जंतू रक्तात शिरत नाही की आतडे कुरतडत नाही. तो एक विष सोडतो आणि ते विष आतड्याला पाणी ओतायला लावते. साध्या साधनांत केलेले हे काम पुढच्या साऱ्या संशोधनाचा पाया ठरले. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचे नाव नोबेलसाठी सुचवले होते. पारितोषिक मिळाले नाही. १९८५ साली ते वारले तेव्हा शहराबाहेर फारसे कोणास ठाऊक नव्हते.

आता थोडे शरीरशास्त्र, कारण त्यावाचून पुढची गंमत कळणार नाही. आपण दिवसाला साधारण दोन लिटर पाणी पितो. पण लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस असे सारे मिळून आणखी सहा-सात लिटर द्रव शरीर स्वतःच आतड्यात ओतते. म्हणजे रोज आठ-नऊ लिटरचा व्यवहार. त्यातले जवळजवळ सगळे आतडे परत शोषून घेते आणि मलातून जाते ते जेमतेम पाव लिटरही नाही. एखाद्या चोख सावकाराच्या वहीसारखा हा जमाखर्च आहे. कॉलऱ्याचे विष खर्चाची बाजू सताड उघडी करते. क्षार बाहेर पडतात, त्यांच्यामागे पाणी धावते आणि जोरात असता तासाला लिटरभर पाणी माणसाच्या अंगातून निघून जाते. नुसते पाणी पाजले तर ते शोषले जात नाही. मीठपाणी पाजले तरी फारसे नाही. मग काय करायचे?

रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० साली सुचवले, की आतड्याच्या पेशींत मीठ आणि ग्लुकोज जोडीने आत जातात. त्यांना एकच दार आहे आणि ते दोघे मिळून आले तरच उघडते. मीठ आत गेले की पाणी आपसूक मागून जाते. आणि खुबी अशी, की कॉलऱ्याचे विष बाकी सगळा गोंधळ घालते पण या दाराला हात लावत नाही. म्हणून मिठाला साखरेची सोबत दिली, की जुलाब चालू असतानाही पाणी अंगात शिरते. मी हे मुलांना असे सांगतो: वऱ्हाडात नवरा-नवरी बरोबर आल्याखेरीज मांडवाचे दार उघडत नाही, आणि ती दोघे आत गेली की सगळे वऱ्हाड मागोमाग जाते.

शास्त्र कळण्याच्या आधीच एका बंगाली डॉक्टरने हे करून पाहिले होते. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, की मीठ, ग्लुकोज आणि पाणी तोंडाने देऊन त्यांनी कॉलऱ्याचे १८६ रुग्ण बरे केले. जोडीला उलटी थांबवण्याची गोळी आणि एका पाल्याचा रस होता. तो पाला म्हणजे आपला पानओवा, ज्याची आपण भजी करतो! प्रयोग शास्त्रीय कसोट्यांवर नीट बांधलेला नव्हता म्हणून पश्चिमेने दुर्लक्ष केले, असे सांगतात. कसोटी हवी हे मान्य. पण स्वतः कसोटी लावून पाहण्यासाठी त्यांना पंधरा वर्षे लागली. १९६८ साली ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेतल्या डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण अमेरिकन डॉक्टरांनी २९ रुग्णांवर काटेकोर मोजमाप ठेवून सिद्ध केले, की तोंडावाटे हे पाणी दिल्यास सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटते. तरीही पुस्तकी डॉक्टर म्हणत राहिले, की इस्पितळात देखरेखीखाली ठीक आहे, पण खेड्यातल्या अडाणी माणसाच्या हाती हे देता येणार नाही.

त्या ‘देता येणार नाही’चा निकाल १९७१ साली बनगावला लागला.

बनगाव हे पश्चिम बंगालमधले अगदी सीमेवरचे गाव. पूर्व पाकिस्तानातल्या अत्याचारांपासून पळालेली सुमारे एक कोटी माणसे त्या वर्षी भारतात आली. त्यातली साडेतीन लाखांच्या आसपास बनगावच्या परिसरात. पावसाळा तोंडावर, आणि कॉलरा. दिलीप महालनबीस हे छत्तीस वर्षांचे बालरोगतज्ज्ञ कलकत्त्याच्या जॉन्स हॉपकिन्स केंद्रातून जूनच्या अखेरीस तेथे पोहोचले. ते स्वतः मूळचे त्या पलीकडच्याच मुलखातले, किशोरगंजचे. इस्पितळ म्हणजे सोळा खाटांचे. दोन खोल्या जमिनीवर पडलेल्या रुग्णांनी भरलेल्या. शिरेत सुई घालायची तर ओकारी आणि मलात गुडघे टेकून बसावे लागे. सुई घालता येणारी माणसे पथकात दोनच आणि सलाईन संपत आलेले. दोन दिवसांतच त्यांच्या लक्षात आले, की ही लढाई आपण हरतो आहोत.

मग त्यांनी पुस्तक बाजूला ठेवले. कलकत्त्यात केंद्राच्या ग्रंथालयाच्या खोलीत मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज तोलून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरायचे आणि पिशवीचे तोंड कपड्याच्या इस्त्रीने चिकटवून टाकायचे, असा कारखाना निघाला. लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम सोडा. खर्च लिटरमागे अकरा पैसे. पिशव्या बनगावला आल्या की पिंपांत पाणी ओतून त्यात रिकाम्या करायच्या. पिंपाला खाली तोटी. रुग्णाची आई, बहीण, नवरा, जो कोणी असेल त्याच्या हातात पेला द्यायचा आणि सांगायचे, पाजत राहा. पिंपावर लिहिले होते ‘ओरल सलाईन’. यात मला त्या डॉक्टरांची माणसांची पारख दिसते. लोकांचा विश्वास ‘सलाईन’ या शब्दावर होता. मीठसाखरेचे पाणी म्हटले असते तर कोणी तोंडाला लावले नसते.

छावण्यांत आधी शंभरातले वीस ते तीस रुग्ण दगावत होते. या उपचाराखाली आलेल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांत हे प्रमाण चार टक्क्यांच्या आत आले. जागतिक आरोग्य संघटनेचे धीमान बरुआ हे तेथे येऊन सारे प्रत्यक्ष पाहून गेले आणि पुढे त्यांनी या उपायाचा जगभर पाठपुरावा केला. महालनबीसांचा लेख मात्र आधी नाकारला गेला आणि १९७३ साली छापून आला. रुग्णाच्या अडाणी आईने पेल्याने औषध दिले, यावर तज्ज्ञांचा विश्वास बसायला वेळ लागला. पाच वर्षांनी ‘लॅन्सेट’ने संपादकीय लिहून या शोधाला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटले.

स्वतंत्र बांगलादेशात तर आणखी पुढचे पाऊल पडले. ‘ब्रॅक’ या संस्थेच्या बायका १९८० ते १९९० या दहा वर्षांत दारोदार फिरल्या आणि सव्वा कोटीच्या आसपास घरांत आयांना हे पाणी करायला शिकवले. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. शिकवणारणीला पगार किती? तर तिने शिकवलेल्या आईला नंतर तपासनिसाने विचारल्यावर जेवढे आठवेल, त्या मानाने! शिक्षकांना पगार देण्याची ही रीत आमच्या खात्याने ऐकली नाही हे आमचे नशीब.

या सुमारास आपल्या घरांत काय होते? पोट बिघडले की एन्टेरोव्हायोफॉर्मची गोळी. माझ्या पिढीच्या प्रत्येक घरात फळीवर ती असे आणि प्रवासाला निघताना पिशवीत पडे. याच वर्गातल्या औषधाने जपानमध्ये दहा हजारांवर लोकांचे पाय लुळे पडले, कित्येकांची दृष्टी गेली. जपानने १९७० साली त्यावर बंदी घातली, पण जगाच्या बाजारातून ते जायला १९८५ उजाडले. मुलांचे जुलाब ‘बंद’ करणाऱ्या गोळ्यांचीही गोष्ट अशीच. त्या आतड्याची हालचाल थांबवतात, विष आतच राहते, आणि लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. या मानाने आमच्या आजीची मीठ घातलेली भाताची पेज कितीतरी शहाणी होती. पुढे तांदळाच्या पिठाचे पाणी कॉलऱ्यात ग्लुकोजइतकेच, किंबहुना अधिक चांगले काम करते हे प्रयोगांनी ठरले. तांदळाचे पिष्ट आतड्यात हळूहळू फुटून ग्लुकोजच होते. आजीची चूक एवढीच, की पेज ती जुलाब थांबल्यावर देई.

आजचे ओ.आर.एस.चे पाकीट २००२ साली ठरलेल्या सुधारित प्रमाणाचे आहे. त्यात मीठ आणि ग्लुकोज दोन्ही आधीपेक्षा कमी. एक लिटरचे पाकीट असेल तर ते सबंध एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदमच घालायचे आणि चोवीस तासांनी उरलेले ओतून द्यायचे. अर्धे पाकीट पेल्यात आणि अर्धे पुडी बांधून फडताळात, असे करणारी घरे मी पाहिली आहेत. अशाने मिठाचे प्रमाण चुकते. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मुलांना २००४ पासून जोडीला दहा-चौदा दिवस जस्ताची गोळी सांगितली जाते. लघवी बंद झाली, डोळे खोल गेले, मूल पिईना, रक्त पडू लागले, तर मात्र डॉक्टरकडेच न्यायचे.

महालनबीस १६ ऑक्टोबर २०२२ रोजी कलकत्त्यात वारले. तीन महिन्यांनी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

२०२४ च्या फेब्रुवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. तो आमच्या कर्नाटकात आणि बिहारमध्ये केलेला होता. दोन वर्षांच्या मुलाला जुलाब होत आहेत, असे सांगणारे बाप म्हणून शिकवून तयार केलेली माणसे खासगी डॉक्टरांकडे पाठवली गेली. ओ.आर.एस. साऱ्यांना ठाऊक असते, मग ते लिहून का देत नाहीत? दुकानात पाकिटे नसणे किंवा महाग औषधात डॉक्टरचा फायदा असणे ही कारणे किरकोळ निघाली. मोठे कारण वेगळेच होते. रुग्णाला हे नको असते, त्याला ‘खरे’ औषध हवे असते, असे डॉक्टरांनी मनाशी धरलेले होते. ज्या बापाने आपणहून ओ.आर.एस.चे नाव काढले त्याला ते कितीतरी अधिक वेळा मिळाले. आमच्या शाळेच्या पालकसभेत हा अभ्यास मी वाचून दाखवला, तेव्हा मागच्या बाकावरून एक गृहस्थ म्हणाले, “सर, नुसती पुडी घेऊन घरी गेलो तर घरचे विचारतात, डॉक्टर बघायला तरी लागला का?”